दीड बाय तीनचा आरसा आणि माझा डावा पाय

मार्च २०२३ मध्ये मी सांगलीत पेठेतल्या या काच-फ्रेमच्या दुकानातून एक आरसा करून घेतला. दीड फूट बाय तीन फूट, ४ एमएम, मागं प्लाय, चारी कडा घासून गोल केलेल्या आणि आडवा उभा राहावा म्हणून खाली लाकडी पट्ट्यांची घोडी. बिल ११५० रुपये झालं. दीड वर्ष मी लिहू लिहू म्हणतेय आणि राहून जातंय. पण परवा एका ताईंचा फोन आला, त्यांच्या मिस्टरांचा शुगरमुळं पाय काढलाय आणि ते रात्र रात्र नसलेला पाय दुखतोय म्हणून बसून असतात, त्यांना कोणीतरी सांगितलं की त्या ब्लाऊजवाल्या बाईंना विचारा, त्यांनी आरसा केलाय. त्यांना अर्धा तास फोनवर सांगितलं आणि मग वाटलं की इथंच सगळं लिहून ठेवावं, ज्याला लागेल त्याला सापडेल. मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. डिसेंबर २०२२, ऊसाचा सीझन, मी मिरजेहून अस्तराची कापडं घेऊन स्कुटीवरनं येत होते, संध्याकाळचे साडेसात वाजले असतील, पुढं रस्त्यातच ऊसाची ट्रॉली उभी होती, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, आणि समोरनं येणाऱ्या गाडीचा फोकस नेमका डोळ्यावर. एवढंच आठवतंय. चार दिवस डॉक्टरांनी पाय वाचवायचा प्रयत्न केला, पाचव्या दिवशी सहीचा कागद आला. हे म्हणाले मी करतो सही, तू नको बघू. मी म्हणलं पाय माझा आहे, सही मीच करणार. केली.

मला वाटलं होतं की कापलेल्या जागी दुखेल. तिथं दुखायचंच, पण त्याची तयारी होती. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी रात्री जे सुरू झालं त्याची तयारी कुणीच करून दिली नव्हती. माझा नसलेला पाय दुखायला लागला. घोटा नाही, नडगी नाही, नेमकी बोटं. पाची बोटं कोणीतरी मुठीत धरून आवळल्यासारखी एकमेकांवर चढलेली आणि अंगठ्याशेजारच्या बोटात जोडवं रुतलेलं. जोडवं! ते तर कॅज्युअल्टीतच सिस्टरनी काढून ह्यांच्या हातात दिलं होतं, औषधाच्या छोट्या प्लास्टिक पाकिटात, ते पाकीट माझ्या उशीखालीच होतं. तरी मला ते बोटात घट्ट लागत होतं, बाळंतपणात पाय सुजल्यावर लागायचं अगदी तसंच. मी चादर उचलायचे, बघायचे, खाली काही नाही, चादर परत टाकली की जोडवं परत रुतायला लागायचं.

राऊंडला आलेल्या एका डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले ताई मनाचे खेळ असतात, होईल कमी. त्यांच्यावर माझा आजही राग आहे. कारण त्या एका वाक्यानं मी दोन महिने गप्प बसले. वाटलं वेड लागतंय. ह्यांना सांगितलं नाही, लेकीला तर नाहीच. रात्री पलंगाच्या कडेला बसून स्टंपच्या, म्हणजे कापून उरलेल्या पायाच्या, पुढची रिकामी जागा दाबत बसायचे. सासूबाईंनी एकदा बघितलं. काही बोलल्या नाहीत, खाली बसल्या आणि त्या पण ती रिकामी जागा दाबायला लागल्या. दहा मिनिटं तशाच. नंतर म्हणाल्या, "उतरलं का गं थोडं?" मी खोटंच म्हणलं हो.

भेटायला येणाऱ्यांबद्दल पण लिहिते कारण त्याचा आरशाशी संबंध आहे. रोज कोणीतरी यायचं आणि तीच दोन वाक्यं. एक, जीव वाचला हे काय कमी आहे. दोन, अगं ती सुधा चंद्रन बघ, जयपूर फूट लावून नाचली. मला त्या बाईंबद्दल खूप आदर आहे, जयपूर फूट ही आपल्या देशातली केवढी मोठी गोष्ट आहे ते पण नंतर कळलं, १९६८ ला जयपूरच्या सरकारी हॉस्पिटलात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि डॉ. सेठी या दोघांनी मिळून तो बनवला, अनवाणी चालता येईल आणि मांडी घालता येईल असा पाय, आपल्या माणसांना लागतो तसा. पण सुधा चंद्रन यांचा अपघात १९८१ चा आणि त्या परत स्टेजवर नाचल्या १९८४ ला. मधली तीन वर्षं कोणी सांगत नाही. मी तेव्हा त्या मधल्या वर्षांत होते आणि सगळे मला डायरेक्ट शेवट दाखवत होते. एक शेजारीण तर सासूबाईंना हळूच म्हणाली की एकाच पायात जोडवं चांगलं दिसत नाही, उजव्यातलं पण काढून ठेवायला सांगा. सासूबाई तिला काय बोलल्या ते इथं लिहित नाही पण ती बाई परत आली नाही आणि जोडवं माझ्या उजव्या पायात राहिलं.

माझं ब्लाऊजचं दुकान घरातच पुढच्या खोलीत आहे. तिथं ट्रायलसाठी भिंतीला पूर्ण उंचीचा आरसा आहे. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी मी त्यावर जुनं लुगडं टाकायला लावलं. कारण मला माहीतच होतं की वॉकर घेऊन आतल्या खोलीतून बाथरूमला जाताना मधे तो आरसा लागतो. फेब्रुवारीत थोडंफार हाताचं काम सुरू केलं, हूक-काज, फॉल लावणं. बायका ब्लाऊज घालून बघायच्या आणि विचारायच्या आरसा कुठं गेला. मी सांगायचे, तडा गेलाय.

आता मुद्द्यावर येते. फेब्रुवारीच्या शेवटी फिजिओ मॅडम स्टंपला क्रेप बँडेज बांधायला शिकवत होत्या (आठ आकड्यासारखं बांधायचं, खाली घट्ट आणि वर सैल, म्हणजे स्टंपला नीट आकार येतो) आणि बांधता बांधता त्यांनी सहज विचारलं, पाय अजून आहे असं वाटतं का हो? एवढ्या साध्या आवाजात विचारलं, भाजीत मीठ आहे का विचारावं तसं. मी रडायलाच लागले. त्यांनी बँडेज तसंच ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं, जोडव्याचं सुद्धा. मग म्हणाल्या याला फँटम पेन म्हणतात, अंग कापलेल्या बहुतेक लोकांना कमी-जास्त होतं, अंगठी घड्याळ असं जे काही त्या हातापायात घातलेलं असतं ते सुद्धा जाणवत राहतं लोकांना, तुमच्या डोक्याला काहीही झालेलं नाही. अमेरिकेत यादवी युद्धानंतर हातपाय गेलेल्या सैनिकांना हेच व्हायचं आणि तिथल्या मिचेल नावाच्या डॉक्टरनं १८७१ च्या सुमाराला याला हे नाव दिलं. म्हणजे दीडशे वर्षं झाली नाव ठेवून, आणि मला सांगितलं मनाचे खेळ.

मॅडमनी जसं समजावलं तसंच लिहिते. मेंदूत आपल्या प्रत्येक अवयवाची जागा ठरलेली असते. पाय गेला तरी ती जागा जात नाही. मेंदू पायाला सांगतो बोटं सोड, पण पलीकडनं उत्तरच येत नाही, मग तो परत सांगतो, परत सांगतो, आणि बोटं आवळलेलीच राहतात. व्ही. एस. रामचंद्रन म्हणून डॉक्टर आहेत, मूळचे तमिळनाडूचे, अमेरिकेत सॅन दिएगोला असतात, त्यांनी १९९० च्या दशकात यावर अगदी साधा उपाय काढला. आरसा. चांगला पाय आरशासमोर, गेलेला पाय आरशामागं. आरशात बघायचं आणि दोन्ही पाय एकत्र हलवायचे, एक खरा आणि एक मनातला. डोळ्यांना दिसतं की गेलेला पाय हलतोय, मेंदूला उत्तर मिळतं. मी म्हणलं मॅडम मी आरसे झाकून बसलेय आणि तुम्ही मला आरसा आणायला सांगताय. त्या म्हणाल्या, भिंतीवरचा झाकलेलाच असू दे, हा वेगळा आरसा आहे.

त्यांनी हे पण स्पष्ट सांगितलं की सगळ्यांना गुण येतोच असं नाही. काहींना काहीच फरक पडत नाही, काहींना उलट चक्कर येते किंवा दुखणं वाढतं, तसं झालं तर थांबायचं. दुखण्याच्या गोळ्या मला दुसऱ्या डॉक्टरांनी सुरू केल्या होत्या, प्रीगॅबालिन, त्या बंद करायच्या नाहीत. आरसा त्यांच्या जोडीला.

तर आता दुकान. आम्ही दोघं रिक्षानं गेलो. दुकानाला रस्त्यापासून तीन पायऱ्या आहेत, उंच, आणि धरायला कठडा नाही. कुबड्या घेऊन तिथं चढणं मला शक्यच नव्हतं, मी रिक्षातच बसून राहिले आणि ह्यांना आत पाठवलं. दोन मिनिटांत मालक स्वतः खाली आले. साठीचे असतील, सगळे त्यांना मामा म्हणतात, हाताला टेप आणि कानाला पेन्सिल. ह्यांना धड सांगता आलं नव्हतं, त्यांनी काहीतरी "पायाच्या व्यायामाचा आरसा" म्हणून सांगितलेलं. मामांनी मला विचारलं, "ताई, नेमका कशाला पाहिजे ते सांगा, म्हणजे मी तसा करतो." मी सांगितलं. मला वाटलं होतं अवघड जाईल, पण रिक्षात बसून अनोळखी माणसाला सांगणं मला घरच्यांपेक्षा सोपं गेलं, का ते माहीत नाही.

त्यांनी सगळं ऐकलं, आत गेले, एक कापलेला आरसा घेऊन आले आणि चक्क खालच्या पायरीवर पाय लांब करून बसले. दोन पायांच्या मधे आरसा उभा धरला आणि वाकून बघितलं. उजव्या पायाचं बोट हलवलं. परत हलवलं. डावा पाय आरशामागं होता त्यांचा. बराच वेळ ते तसेच बघत बसले, रस्त्यावरनं लोक जात होते, आतनं पोरगा विचारत होता मामा काय झालं. मग वर बघून एवढंच म्हणाले, "असं होय... दोन्ही दिसतात की." आणि लगेच टेप काढून माझं माप घेतलं, कमरेपासून टाचेपर्यंत, शिंपी घेतो तसं व्यवस्थित, न लाजता न कणव दाखवता. मी वीस वर्षं लोकांची मापं घेतेय, माप घेणाऱ्याचा हात मला कळतो.

पाच एमएम नको म्हणाले, जड होतो, पलंगावर उचलून ठेवताना घरच्यांचे हात भरून येतील. अ‍ॅक्रिलिकचा हलका आणि न फुटणारा मिळतो पण त्यात प्रतिमा थोडी वाकडी दिसते, तुम्हाला पाय सरळच दिसला पाहिजे. मागं प्लाय चिकटवला, समजा फुटलाच तर काचा अंगावर येऊ नयेत म्हणून. कडा हातानं घासून दिल्या. घोडीची आयडिया त्यांचीच, नाहीतर आम्ही उशा लावून उभा करणार होतो आणि तो दर दोन मिनिटाला पडला असता.

तक्रार पण लिहिते. सांगितलेल्या दिवशी आरसा आला नाही, तीन दिवस उशीर. आणि आला तो लहरी होता, मधे काचेला लहर होती. भिंतीवर लावला असता तर कळलं पण नसतं. पण त्यात माझा घोटा बघितला की तो मधेच जाड आणि मधेच बारीक व्हायचा, आणि मला तो बघून मळमळायला लागलं, खरंच, उलटी होते की काय असं. फोन केला. मामा स्वतः घरी आले, पलंगावर ठेवून डोळा कडेला लावून बघितलं, म्हणाले चूक माझी आहे, बघून द्यायला पाहिजे होता, आणि दोन दिवसांत दुसऱ्या कंपनीच्या काचेचा नवीन करून आणून दिला. जास्तीचे पैसे घेतले नाहीत. त्यामुळं तुम्ही कुठल्याही दुकानातनं घ्या, पण घेताना आरशात एखादी सरळ पट्टी किंवा दाराची चौकट बघा, डोकं हळूहळू हलवत बघा, रेघ वाकली तर तो आरसा घेऊ नका. या कामाला लहरी काच चालतच नाही.

पहिला दिवस. दुपारी, लेक शाळेत, सासूबाई स्वयंपाकघरात, हे शेजारी खुर्चीवर. मॅडमनी सांगितलं होतं की उजव्या पायातलं जोडवं, पैंजण सगळं काढून बसा, म्हणजे दोन्ही पाय सारखे वाटतात. पैंजण काढलं. जोडवं काढलं नाही, शेजारणीच्या बोलण्यामुळं माझ्या मनात ते अडकलं होतं, ते काढलं तर तिचं ऐकल्यासारखं होईल असं काहीतरी. ह्यांनी आरसा मधे उभा केला. मी मान थोडी उजवीकडं कलती केली आणि बघितलं.

पाय होता. माझा डावा पाय. टाचेला भेगा, बोटात जोडवं, सगळं. मला कळत होतं की ही उजव्याची सावली आहे, आरसा आहे, मीच मागवलाय, ११५० रुपये दिलेत. तरी तो पाय होता. मी हलवायचं वगैरे विसरले आणि हंबरडा फोडला. ऑपरेशनच्या दिवशी रडले नव्हते, सही करताना रडले नव्हते. सासूबाई पळत आल्या, हे आरसा उचलायला लागले, मी म्हणलं राहू दे, हलवू नका. रडत रडत बघत राहिले. त्या दिवशी व्यायाम झालाच नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन करून म्हणलं मला हे जमणार नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं की २००७ साली अमेरिकेतल्या वॉल्टर रीड लष्करी दवाखान्याचा एक अभ्यास छापून आला होता, पाय गेलेल्या २२ जणांवरचा, रोज पंधरा मिनिटं असं चार आठवडे, आरशात बघणाऱ्यांचं दुखणं कमी झालं, पण त्यात सुद्धा दोघांना आरशात धड पाय बघितल्यावर दुःख अनावर झालं होतं, थोडा वेळच, पण झालं, आणि हे त्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. कुठं अमेरिका, कुठं सांगली. त्या दोघांबद्दल ऐकून मला जेवढा धीर आला तेवढा नकली पायानं एवरेस्ट चढलेल्यांच्या गोष्टी ऐकून आला नव्हता. त्या दिवसापासून रोज बसले. मॅडम म्हणाल्या रडायचं असेल तर रडून घ्या, घड्याळ लावून ठेवा, पंधरा मिनिटं झाली की आरसा उचलायचा.

व्यायाम साधे असतात. पाऊल वर, पाऊल खाली. घोटा गोल. बोटं आवळ, बोटं सोड. आरशातल्या पायाकडंच बघत राहायचं, खऱ्या पायाकडं नाही, आणि आतल्या पायानं पण तेच करायचा प्रयत्न करायचा. पहिला आठवडा काही नाही. आतला पाय आवळलेलाच. दोनतीनदा दुखणं वाढलं पण, मग थांबले. हे कंटाळले नाहीत, रोज कामावरनं दुपारी घरी येऊन आरसा लावून द्यायचे, त्यांनी कधी विचारलं नाही की फरक पडतोय का. हे मला नंतर कळलं की किती मोठं होतं.

बहुतेक नववा दिवस. बोटं सोड बोटं आवळ करताना माझं लक्ष सारखं आरशातल्या जोडव्याकडं जात होतं आणि आत ते रुतत होतं, एवढं की पाणी आलं डोळ्यात. आणि मला काय वाटलं माहीत नाही, मी वाकून उजव्या पायातलं जोडवं दोन बोटांत धरलं आणि आरशात बघत बघत फिरवायला लागले. उजवा हात, पण आरशात डावा हात दिसतो, डाव्या पायातलं जोडवं फिरवणारा. सुजेशिवाय पण ते घट्टच असतं, वीस वर्षांचं आहे, खाली बोटाला पांढरा वळ पडलाय. हळूहळू फिरवत पेरावरनं वर आणलं, नखाशी थोडं अडकलं, निघालं. आरशातलं पण निघालं.

आणि आतलं सुटलं.

मी याच्यापेक्षा नीट सांगू शकत नाही. बोटं मोकळी झाली. पाची एकदम नाही, आधी ते एक बोट, मग शेजारचं. वारा लागल्यासारखं वाटलं बोटांच्या मधून. मी ह्यांना म्हणलं, निघालं. ते म्हणाले काय निघालं? मी म्हणलं जोडवं निघालं हो माझं. त्यांना कळलं. ते काही बोलले नाहीत, माझ्या हातातलं जोडवं घेतलं आणि मुठीत धरून बसले.

त्या रात्री मी चार तास सलग झोपले. लगेच सगळं गेलं असं नाही, खोटं कशाला सांगू. दोन दिवसांनी परत आवळलं, परत बसले, परत सुटलं. महिनाभरात रोजचं दुखणं आठवड्यातून दोनतीनदा एवढ्यावर आलं. आज दीड वर्षानंतर पावसाळी हवा असली किंवा खूप दमले की येतं, तेव्हा आरसा काढते, पंधरा मिनिटं बसते. पाय आहे असं अजून वाटतं, मशीनवर बसलं की डावा पाय पायडलवर असल्यासारखा होतो आणि उजव्याबरोबर दाबतो पण. मोटर बसवून घेतलीय, एका पायानं चालते. पण तो डावा पाय आपला दाबत असतो आणि मी त्याला दाबू देते. ते दुखत नाही. ते फक्त आहे.

आता एक गोष्ट ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांच्यासाठी. आरशानं बोटं सुटली, दुःख आरशानं जात नाही. मे महिन्यात, दुखणं कमी झाल्यावर, मला उलट जास्त वाईट वाटायला लागलं. तोपर्यंत सगळं लक्ष दुखण्यात होतं, ते हललं आणि मग पाय गेलाय हे कळायला जागा झाली. लेकीची सायकल मी धरून शिकवणार होते. पंढरीला चालत जायचं सासूबाईंना कबूल केलं होतं. एका रात्री फारच घाण विचार आले, तेव्हा १४४१६ ला फोन केला, टेलिमानस, सरकारचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात, रात्री पण लागतो. पलीकडच्या मुलीनं मला हिंमत ठेवा वगैरे एकदाही सांगितलं नाही, पाय कसा होता ते विचारलं. मी तिला टाचेच्या भेगांपासून सगळं सांगितलं. नंतर मिरजेत समुपदेशक ताईंकडं चार महिने गेले. कोणी म्हणत असेल की आरसा घेतला की झालं तर तसं नाही, आणि कोणी म्हणत असेल की समुपदेशन म्हणजे वेड्यांचं तर तसं तर अजिबातच नाही.

नकली पाय जुलैत लागला. तो वेगळा विषय आहे, स्टंप आटत जातो, सॉकेट (नकली पायाचा वरचा भाग, ज्यात स्टंप बसतो) सैल होतं, मोजे वाढवत जायचे, उन्हाळ्यात घामानं कातडं सोलतं, त्यावर कधीतरी लिहीन. इथं एवढंच की पाय लावून पहिल्यांदा घरात चालायचं होतं तेव्हा फिजिओ मॅडम म्हणाल्या समोर आरसा पाहिजे, खांदा कुठं झुकतोय ते दिसायला पाहिजे. लेकीनं माझ्याकडं बघितलं. मग तिनंच पुढच्या खोलीत जाऊन आरशावरचं लुगडं ओढून खाली काढलं, घडी घातली आणि कपाटात ठेवून आली.

स्टार ५ पैकी ४ देतेय. उशीर आणि लहरी काच मी सोडून दिलं, चूक मान्य करून घरी येऊन बदलून दिलं म्हणून. एक स्टार त्या तीन पायऱ्यांचा कापलाय. मामांना मी हे तोंडावर सांगितलंय, कठडा बसवतो म्हणालेत, गेल्या महिन्यापर्यंत बसलेला नव्हता. बसवला की मी इथं येऊन पाचवा देईन.

ज्यांना करून घ्यायचाय त्यांच्यासाठी. आधी तुमच्या डॉक्टरांना किंवा फिजिओला विचारा. पहिले काही दिवस एकटं बसू नका. गुडघ्याखाली गेला असेल तर स्टंपखाली उशी घेऊन बसू नका, गुडघा आखडतो, माझा थोडा आखडलाय. हातासाठी पाहिजे असेल तर आरसा लहान चालतो, टेबलावर ठेवायचा. घरात लहान मूल असेल तर वापर झाला की काचेची बाजू भिंतीकडं करून ठेवा. दुकान सोमवारी बंद असतं. मामांच्या वहीत माझं माप लिहिलेलं आहे, माझ्यानंतर त्यांनी असे आणखी सहा आरसे केलेत असं म्हणाले. फोनवर नुसतं "पायाचा आरसा" म्हणा, त्यांना कळतं, आणि तुम्ही कुबड्यांवर असाल तर रिक्षातच थांबा, ते टेप घेऊन खाली येतात.